फ्रायडेचे बेट : मालदीवचे नंदनवन आणि लक्षद्वीपचा सौदा

मुंबई-पुण्याच्या भांडवलदारी दैनिकांच्या रविवार पुरवण्या चाळणाऱ्या वाचकाला एक मजकूर हमखास भेटतो. पानभर निळ्याशार पाण्याचे छायाचित्र, पाण्यात खांबांवर उभ्या केलेल्या गवती छपरांच्या झोपड्या, आणि खाली मालदीवच्या कुठल्याशा बेटावर पाहुण्यांसाठी केलेल्या ‘अद्भुत’ सोयींचे रसभरित वर्णन. एका बेटावर समुद्राच्या पृष्ठभागाखाली सुमारे पाच मीटरवर काचेचे भोजनगृह आहे. एका वेळी चौदा जण आत बसतात. डोक्यावरून मासे फिरतात आणि ताटातही मासेच असतात. हे भोजनगृह एप्रिल २००५ मध्ये उघडले. त्याच रिसॉर्टने नोव्हेंबर २०१८ मध्ये समुद्राखाली निजण्याचीही व्यवस्था केली. वरचा मजला पाण्यावर, शय्यागृह पाण्याखाली काचेच्या कमानीत. बांधकामाचा जाहीर झालेला खर्च दीड कोटी डॉलर, आणि उद्घाटनाच्या वेळी प्रसिद्ध झालेला दर एका रात्रीस सुमारे ५०,००० डॉलर. दुसऱ्या एका बेटावर पाण्याखाली अंगमर्दनाची खोली, तिसऱ्यावर पाण्याखाली नृत्यगृह. कोठे शय्यागृहाचे छप्पर कळ दाबताच बाजूला सरकते आणि पाहुणा पडल्यापडल्या तारे पाहतो. कोठे खोलीच्या वरच्या मजल्यावरून थेट समुद्रात उतरणारी घसरगुंडी, कोठे चॉकलेटची स्वतंत्र खोली, कोठे पाण्यावर बांधलेली वेधशाळा.

या दोन उद्घाटनांच्या मधल्या काळात, १७ ऑक्टोबर २००९ रोजी, त्याच देशाचे मंत्रिमंडळही समुद्राखाली उतरले होते. अध्यक्ष मोहम्मद नाशीद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाणबुड्यांचा पोशाख चढवून समुद्रतळावर टेबले मांडली आणि जगातील राष्ट्रांनी कर्बवायूंचे उत्सर्जन घटवावे अशा निवेदनावर सह्या केल्या. ज्या देशाची बहुतेक भूमी समुद्रसपाटीपासून दीड-दोन मीटरही उंच नाही, त्याच्या मंत्र्यांना पाण्याखाली जाऊन आपली तक्रार मांडावी लागते. आणि त्या तक्रारीला सर्वाधिक जबाबदार असलेल्या श्रीमंत देशांतील श्रीमंत माणूस तेरा-चौदा तासांचे विमान पकडून त्याच पाण्याखाली झोपायला येतो.

अशी वर्णने वाचून आपल्यातील काही कॉम्रेड ‘ही भांडवलशाहीची विकृत चंगळ’ एवढे म्हणून पान उलटतात. ही टीका खोटी नाही, पण तिने काही उलगडत नाही. धनिकांच्या चैनीला नावे ठेवण्याचे काम आपल्याकडील कीर्तनकारही शतकानुशतके करीत आले आहेत. आपल्याला विचारायचा प्रश्न वेगळा आहे. काचेच्या खोलीत निजण्यासाठी कोणी पन्नास हजार डॉलर का देतो, यापेक्षा ते डॉलर मागता यावेत अशी परिस्थिती कोणी आणि कशी निर्माण केली, हे पाहिले पाहिजे. कारण हीच परिस्थिती आज आपल्या देशात, लक्षद्वीपमध्ये, सरकारी हुकमाने निर्माण केली जात आहे.

मालदीवमध्ये सुमारे १,२०० बेटे आहेत. त्यांपैकी दोनशेहून कमी बेटांवर लोकवस्ती आहे, आणि दीडशेहून अधिक बेटे रिसॉर्टांच्या ताब्यात आहेत. १९६५ पर्यंत हा देश ब्रिटिशांच्या ‘संरक्षणा’खाली होता. १९७२ साली राजधानी मालेजवळच्या एका बेटावर कुरुंबा हे पहिले रिसॉर्ट सुरू झाले. पुढे जे धोरण रूढ झाले ते ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ या सूत्राने ओळखले जाते. निर्जन बेट सरकारने दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने एका कंपनीला द्यायचे. बेटावर ती कंपनी आणि तिचे पाहुणे यांखेरीज कोणी नाही. वस्ती असलेल्या बेटांवर सामान्य नागरिकाला पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढायचीही मुभा सुमारे २००९ पर्यंत नव्हती. परकीयांच्या मद्यपानापासून आणि चालीरीतींपासून मुसलमान समाजाचे रक्षण व्हावे, असे त्याचे कारण सांगितले जाई. धर्माचे रक्षण झाले की नाही ते मौलवींनी ठरवावे. उत्पन्नाचे रक्षण मात्र चोख झाले. सुमारे चार दशके पर्यटनाचा पैसा मूठभर पट्टेदार, त्यांचे परदेशी भागीदार आणि त्यांना पट्टे देणारे सत्ताधारी यांच्या वर्तुळाबाहेर मोकळेपणाने वाहू दिला गेला नाही.

‘निर्जन’ हा शब्दही नीट तपासायला हवा. ज्या बेटावर कोणी कायमचे राहत नाही ते कोणाच्याच कामाचे नसते, ही कल्पना जमिनीच्या व्यापाऱ्याची आहे. शेजारच्या बेटावरचे लोक तेथे नारळ उतरवायला जात, सरपण आणत, प्रवाळाच्या कड्यावर आमिषाचे मासे पकडत, वादळात आसरा घेत. आपल्याकडची गायराने अशीच ‘पडीक’ ठरवून कारखानदारांना देण्यात आली, हे महाराष्ट्रातल्या शेतमजूर कार्यकर्त्याला वेगळे सांगायला नको.

आता त्या काचेच्या खोलीकडे पुन्हा पाहू. वाळू आणि समुद्र ही कोणाच्या श्रमाची निर्मिती नव्हे. त्यांना जी किंमत येते ती त्यांच्याभोवती घातलेल्या कुंपणामुळे येते. मार्क्सने जमिनीच्या खंडाचे जे विवेचन केले आहे त्यातील मक्तेदारीचा खंड तो हाच. पण दीडशेहून अधिक कुंपणे उभी राहिली की पंचाईत होते, कारण वाळू सगळीकडे सारखीच पांढरी आणि पाणी सगळीकडे सारखेच निळे असते. आपले निळे पाणी शेजाऱ्याच्या निळ्या पाण्याहून महाग विकायचे, तर पहिल्याने पाण्याखाली भोजनगृह काढावे, दुसऱ्याने नृत्यगृह, तिसऱ्याने घसरगुंडी. रविवार पुरवण्यांना ज्यात प्रतिभा दिसते ती मुळात खंड वसूल करणाऱ्यांची आपसातली चढाओढ आहे. खंड केवढा मोलाचा आहे ते २०१४-१५ च्या घोटाळ्यात दिसले. त्या काळात पन्नासहून अधिक बेटे आणि खाजणे स्पर्धात्मक निविदांशिवाय वाटली गेली, सरकारी पर्यटन-प्रचार महामंडळातून कोट्यवधी डॉलर लंपास झाले, आणि तत्कालीन उपाध्यक्ष अहमद अदीब यांना पुढे त्याबद्दल शिक्षा झाली.

परंतु कुंपणाआड विकली जाणारी खरी वस्तू काच नव्हे. एका नामांकित रिसॉर्ट-समूहाने आपला बाणा ‘ना बातम्या, ना पादत्राणे’ असा जाहीर केला. बेटावर उतरताच पाहुण्याची पादत्राणे एका पिशवीत ठेवली जातात आणि जगाच्या बातम्या त्याच्यापासून दूर ठेवल्या जातात. तो अनवाणी चालतो, आपण साधे झालो असे समजतो, आणि त्याच्या दिमतीला एक खास सेवक दिलेला असतो. या सेवकांना त्या समूहात पुष्कळ वर्षे ‘मिस्टर फ्रायडे’ आणि ‘मिस फ्रायडे’ या नावाने संबोधले जात असे. डॅनियल डीफोच्या १७१९ सालच्या कादंबरीतील रॉबिन्सन क्रूसो ज्याला वाचवतो, ज्याला स्वतःच नाव देतो आणि जो आयुष्यभर त्याला ‘मालक’ म्हणतो, तोच हा फ्रायडे. नाव ठेवणाऱ्यांनी बहुधा गंमत म्हणून ठेवले असावे. पण वर्गसमाजात लोक गमतीत जे बोलतात ते अहवालांपेक्षा खरे असते.

रॉबिन्सन आणि फ्रायडे यांच्याशी मार्क्सवादी चळवळीचा परिचय जुना आहे. ‘अँटी-ड्युरिंग’ या १८७८ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एंगेल्सने याच जोडीचा समाचार घेतला. ड्युरिंगसाहेबांचा सिद्धान्त असा की रॉबिन्सनने तलवारीच्या बळावर फ्रायडेला गुलाम केले, म्हणून बळजबरी हेच मालमत्तेचे मूळ. एंगेल्सने दाखवून दिले की नुसती तलवार पुरत नाही. फ्रायडेकडून काम करून घ्यायचे तर कामाची साधने आणि त्याला जेमतेम जगवण्यापुरते अन्न आधी रॉबिन्सनच्या हाती असावे लागते. बळ हे साधन असते आणि आर्थिक लाभ हे साध्य. आणि केवळ तलवारीचाच प्रश्न असेल, तर एखाद्या सकाळी फ्रायडे भरलेले पिस्तूल घेऊन समोर उभा राहिला की सारे नाते उलटे होते, असेही एंगेल्सने जाता जाता ड्युरिंगला सुनावले आहे. मालदीवच्या फ्रायडेला कोणी तलवार दाखवलेली नाही. बेट, होडी, पाणी गोडे करणारे यंत्र, वीज देणारे जनित्र आणि परतीचे तिकीट मालकाकडे आहे. तेवढे पुरते.

हा फ्रायडे आहे कोण? २०२२ च्या जनगणनेनुसार मालदीवची लोकसंख्या सुमारे ५ लाख १५ हजार, आणि त्यांतील सुमारे १ लाख ३२ हजार परदेशी. म्हणजे दर चार माणसांत एक. त्यांत सर्वाधिक बांगलादेशचे, मग आपल्या देशाचे, श्रीलंकेचे, नेपाळचे. बांधकाम, खाजणातील खोदाई आणि भराव, स्वयंपाकघर, धुलाई, कचरा ही कामे मुख्यतः त्यांची. रिसॉर्टमध्ये नोकरी करणारा मालदीवी तरुण आठवडेच्या आठवडे घरापासून दूर, त्याच बेटाच्या मधल्या भागात पाहुण्यांच्या नजरेआड बांधलेल्या कामगारांच्या खोल्यांत राहतो. मालदीवी स्त्रिया या नोकऱ्यांत फारच थोड्या दिसतात, कारण घर सोडून बेटावर राहिल्यावाचून नोकरी नाही. काचेच्या खोलीची काच आत-बाहेरून रोज कोणीतरी पुसतो, तिच्यावर चढणारे शेवाळ कोणीतरी पाण्यात उतरून खरवडतो. त्या माणसाचे छायाचित्र रविवार पुरवणीत अद्याप आलेले नाही.

छायाचित्रे आली ती १० नोव्हेंबर २०२२ ची. त्या दिवशी पहाटे माले शहरात एका इमारतीला आग लागली. खाली मोटारी दुरुस्त करण्याचे गॅरेज आणि वर स्थलांतरित कामगारांच्या दाटीवाटीच्या खोल्या. किमान दहा जण मेले, आणि त्यांत बहुतेक भारतीय होते. समुद्राखाली झोपणाऱ्या पाहुण्यासाठी संकटकाळी वर येण्याची चोख व्यवस्था असते. गॅरेजवर झोपणाऱ्याला खाली उतरण्याची वाट नव्हती.

पाण्याचेही तसेच. रिसॉर्टच्या प्रत्येक व्हिलाला आपापला तरणतलाव, आणि त्या तलावापलीकडे चारही दिशांना समुद्रच. ४ डिसेंबर २०१४ रोजी मालेतील समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या कारखान्यात आग लागली आणि लाखाहून अधिक लोकांच्या राजधानीचे नळ कोरडे पडले. भारताने विमानांनी बाटलीबंद पाणी पाठवले, ‘आयएनएस सुकन्या’ ही युद्धनौका पाणी घेऊन गेली. बाटल्यांसाठी दुकानांसमोर रांगा लागल्या, वाद झाले. रिसॉर्टांच्या बेटांवर या संकटाची झळ पोचली नाही, कारण प्रत्येक रिसॉर्टचे पाणी गोडे करणारे यंत्र स्वतंत्र आहे. पाहुण्यासाठी बेटागणिक यंत्र, आणि राजधानीसाठी एक. याला नियोजनातील चूक म्हणता येणार नाही. नियोजन कोणासाठी आहे ते यातून कळते.

डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने या देशातील शंभराच्या आसपास माणसे नेली. कंधोलहुधू या दाट वस्तीच्या बेटावरील सर्व घरे राहण्यास निरुपयोगी झाली आणि त्या बेटाच्या लोकांना धुवाफारू या नव्या बेटावर कायमची घरे मिळायला २००८ साल सरत आले. पहिले काचेचे भोजनगृह ज्या एप्रिलमध्ये उघडले, त्या एप्रिलमध्ये ते तात्पुरत्या निवाऱ्यांत होते. आणि भोजनगृहातील उरलेसुरले जाते कोठे? मालेच्या पश्चिमेस थिलाफुशी नावाचे बेट आहे. ते निसर्गाने केलेले नाही. एका खाजणात १९९२ पासून राजधानीचा आणि रिसॉर्टांचा कचरा टाकून ते तयार झाले. वर्षानुवर्षे तो कचरा तेथे उघड्यावर जाळला गेला आणि तो चिवडण्याचे काम परदेशी मजुरांकडे राहिले.

या देशातील एक ‘पाहुण्यांचा अनुभव’ मात्र कोणत्याही जाहिरातीत सापडणार नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये एका रिसॉर्टवर एका युरोपीय जोडप्याने पैसे मोजून आपल्या विवाहाच्या आणाभाकांचे ‘मालदीवी पद्धतीने’ पुनरुच्चारण करवून घेतले. असा कोणताही विधी मालदीवी समाजात नाही. तो रिसॉर्टांनी विकण्यासाठी रचलेला आहे. पौरोहित्य करणारा माणूस होता रिसॉर्टच्या खानपान विभागातील एक कर्मचारी. गंभीर सुरात, मंत्र म्हणावेत तसे, त्याने धिवेही भाषेत त्या जोडप्याला डुक्कर, काफिर अशा शेलक्या शिव्या दिल्या. जोडपे श्रद्धेने हात धरून उभे होते. चित्रफीत बाहेर पडली आणि जगभर गाजली. त्याच्या हातात धार्मिक पोथी नव्हती. त्या वेळच्या वृत्तांनुसार तो जे कागद पाहून वाचत होता ते कर्मचाऱ्यांच्या नोकरीविषयक नियमांचे होते.

सरकार हादरले. अध्यक्षांनी जोडप्याची क्षमा मागितली, अटका झाल्या, देशाच्या नावाला बट्टा लागला म्हणून मंत्री हळहळले. पर्यटनावर जगणाऱ्या सत्ताधाऱ्यांची ती घबराट समजण्याजोगी आहे. पण आपण या घटनेकडे कसे पाहावे? काही उत्साही मित्र तिला ‘फ्रायडेचे बंड’ म्हणतील. मला ते मान्य नाही. त्या कर्मचाऱ्याच्या शिव्यांत मालकाचे नाव नव्हते. ज्या दोघांनी त्याचे काही घेतले नव्हते त्यांच्यावर त्याने धर्माच्या भाषेत तोंडसुख घेतले आणि स्वतःची नोकरी संकटात टाकली. नियमांचा कागद ज्याने लिहिला तो सुरक्षित राहिला. एंगेल्सच्या फ्रायडेच्या हातातले पिस्तूल हे नव्हे. जेथे संघटनेला वाव नसतो तेथे दडपलेला राग असाच वाटेल तेथून फुटतो, आणि त्याला भाषा पुरवायला मूलतत्त्ववादी तयारच असतात. मालदीवच्या २००८ च्या राज्यघटनेने संपाचा हक्क दिला. पण संघटना आणि सामुदायिक सौदा यांना रीतसर चौकट देणारा औद्योगिक संबंधांचा कायदा यायला २०२४ उजाडले. सोळा वर्षे घटनेतला हक्क कायद्याच्या दारात ताटकळत होता. या काळात तेथील रिसॉर्ट कामगारांनी संघटना बांधल्या, संप केले आणि त्यासाठी नोकऱ्या गमावल्या. त्यांच्या झगड्यांची बातमी आपल्या वृत्तपत्रांतून आली नाही, शिव्यांची आली.

यावर विकासवाद्यांचे उत्तर ठरलेले आहे. १९७२ साली मालदीवमध्ये सुकट आणि नारळ यांखेरीज काय होते? आज दरडोई उत्पन्नात तो देश दक्षिण आशियात सर्वांच्या पुढे आहे, मुले शिकतात, दवाखाने आहेत; हे सर्व पर्यटनाने दिले. या म्हणण्यातील खरे आहे तेवढे मान्य केले पाहिजे. पर्यटनाच्या करांतून शाळा आणि दवाखाने झाले, आणि मासेमारीच्या एकमेव धंद्यावर अवलंबून असलेल्या देशाला दुसरा आधार मिळाला. आपला वाद पाहुणे येण्याशी नाही. सोव्हिएत संघराज्यात आणि क्यूबात समुद्रकाठची विश्रामगृहे कामगारांना खुली करण्यात आली, तेव्हा समुद्र तोच राहिला आणि त्याच्या काठी कोण झोपणार ते बदलले. आपला वाद या उत्पन्नाच्या रचनेशी आहे. टेबलावर येणारा भाजीपाला, मांस, मद्य, फर्निचर, जनित्राचे इंधन जवळजवळ सर्व आयात होते, म्हणून पाहुण्याचा डॉलर आल्या पावली परत जातो. बेटावर जे मागे उरते त्यावर देश कर्ज काढतो. २०२४ मध्ये हे दक्षिण आशियातील सर्वांत श्रीमंत राष्ट्र आपल्या रोख्यांचे हप्ते चुकवण्याच्या बेतात आले, आणि त्या वर्षी ऑक्टोबरात भारताने ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपयांच्या चलन-अदलाबदलीची सोय केली तेव्हा त्याला श्वास घेता आला. वर्षाला वीस लाख पाहुणे आणि तिजोरी रिकामी! दरडोई उत्पन्नाच्या आकड्यात पन्नास हजार डॉलरची रात्र आणि गॅरेजवरची खोली यांची सरासरी काढलेली असते, हे विकासवाद्यांनी विसरू नये.

एवढ्या पार्श्वभूमीवर जानेवारी २०२४ मधला तमाशा आठवावा. पंतप्रधान लक्षद्वीपला गेले, पाण्यात डोके बुडवून मासे पाहतानाची छायाचित्रे त्यांनी प्रसिद्ध केली. मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी त्यावर अश्लाघ्य शेरे मारले आणि त्यांना निलंबित व्हावे लागले. आणि मग आपल्या मध्यमवर्गाने देशभक्तीच्या आवेशात मालदीववर बहिष्कार पुकारला. नट-नट्यांनी लक्षद्वीपला जाण्याच्या प्रतिज्ञा केल्या, एका प्रवासी कंपनीने मालदीवच्या विमानांची आरक्षणे थांबवली. २०२३ मध्ये दोन लाखांहून अधिक भारतीय मालदीवला गेले होते. पुढच्या वर्षी ती संख्या बरीच घसरली. आणि जुलै २०२५ मध्ये तेच पंतप्रधान मालदीवच्या साठाव्या स्वातंत्र्यदिनाचे प्रमुख पाहुणे म्हणून मालेत हजर होते आणि ४,८५० कोटी रुपयांचे कर्ज जाहीर करून आले. देशभक्तांनी सुटीची तिकिटे रद्द केल्याचा हिशेब कोणाकडे मागावा, ते कळायला मार्ग नाही. शेजारी राष्ट्राशी मैत्री असावी, कर्ज द्यावे, यात वावगे काही नाही. पण त्या बहिष्काराच्या गदारोळात एक गोष्ट खपवली गेली. मालदीवचा राग काढायचा तर लक्षद्वीपचा मालदीव करा, ही घोषणा कोणाच्याही लक्षात न येता राष्ट्रीय कर्तव्य होऊन बसली.

लक्षद्वीप म्हणजे काय हे आपल्या वाचकांनाही नेमके ठाऊक असतेच असे नाही. छत्तीस बेटे, एकूण भूमी अवघी ३२ चौरस किलोमीटर, त्यांतील दहा बेटांवर वस्ती. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४,४७३, आणि त्यांतील सुमारे ९५ टक्के अनुसूचित जमातीचे. दक्षिणेकडच्या मिनिकॉय बेटावर महल बोलली जाते; ती मालदीवच्या धिवेहीचीच सख्खी बहीण. मासेमारीची पद्धतही तीच. आपल्या कोकणात कुपा-गेदर म्हणतात त्या जातीचा ट्यूना येथे जाळ्याने नव्हे तर काठी आणि गळ यांनी, एकेक करून पकडतात. त्यासाठी जिवंत आमिष लागते. ते बोटाएवढे मासे प्रवाळाच्या कड्याआडच्या उथळ खाजणात मिळतात. म्हणजे ज्या निळ्या पाण्यात खांब रोवून पाहुण्यांच्या झोपड्या बांधायच्या, ते पाणी मच्छिमाराच्या दृष्टीने देखावा नव्हे. शेतकऱ्याला बियाण्याची कणगी तसे ते त्याला आहे.

डिसेंबर २०२० मध्ये प्रशासक म्हणून प्रफुल्ल खोडा पटेल आले आणि २०२१ च्या पूर्वार्धात मसुद्यांचा पाऊस पडला. विकास प्राधिकरणाच्या मसुद्याने कोणतीही जमीन नियोजनासाठी ताब्यात घेण्याचे अफाट अधिकार प्रशासनाला देऊ केले. जोडीला विनाचौकशी स्थानबद्धतेचा कायदा, गोमांसबंदीचा मसुदा, दोनहून अधिक मुले असणाऱ्यांना पंचायत निवडणुकीस मज्जाव. किनारा-नियमांचा भंग झाला असे म्हणत मच्छिमारांच्या होड्या-जाळ्यांच्या झोपड्या पाडण्यात आल्या, कंत्राटी कर्मचारी कामावरून कमी झाले, शाळेच्या जेवणातले मांस बंद झाले. मद्यबंदीच्या बेटांवर पाहुण्यांसाठी मद्याची दारे किलकिली करण्याची तयारी मात्र झाली. ज्यांच्या ताटातले काढले त्यांचा आहार ‘अयोग्य’, आणि ज्यांच्या पेल्यात ओतायचे त्यांची चव ‘पर्यटनाची गरज’!

बेटवासी गप्प बसले नाहीत. ७ जून २०२१ रोजी घराघरांतून बारा तासांचे उपोषण झाले. त्याआधी ३१ मे रोजी केरळ विधानसभेने प्रशासकाला परत बोलावण्याची मागणी करणारा ठराव एकमताने संमत केला होता. सागरी शास्त्रज्ञांनी राष्ट्रपतींना लेखी इशारा दिला. उत्तरादाखल चित्रपटकर्त्या आयशा सुलताना यांच्यावर राजद्रोहाचा गुन्हा नोंदवण्यात आला आणि केरळच्या खासदारांना बेटांवर जाण्याची परवानगी नाकारण्यात आली. मसुद्यांपैकी काही बाजूला ठेवावे लागले, पण जमिनीवरचा डोळा हटला नाही. जून २०२४ मध्ये पाच बेटांवरील ‘पंडारम’ जमिनी, म्हणजे बेटवासींनी पिढ्यानपिढ्या कसलेल्या, नारळ लावलेल्या सरकारी पट्ट्याच्या जमिनी, परत घेण्यासाठी मोजणीचा आदेश निघाला. लोक मोजणीदारांसमोर उभे राहिले आणि प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेले.

आणि हे सारे कोणासाठी? नीती आयोगाने मिनिकॉय, कडमत आणि सुहेली येथे पाण्यावरच्या व्हिलांचे प्रकल्प आखले. जानेवारी २०२३ मध्ये टाटा समूहाच्या इंडियन हॉटेल्स कंपनीने सुहेली आणि कडमत येथे प्रत्येकी ११० खोल्यांची दोन रिसॉर्ट जाहीर केली. सुहेलीच्या ५० आणि कडमतच्या ३५ खोल्या पाण्यात. सरकारी कागदांत सुहेली ‘निर्जन’ आहे. कवरत्ती आणि अगत्तीचे मच्छिमार हंगामात तेथे जाऊन राहतात, मासे पकडतात, वाळवतात, नारळ उतरवतात. पण हंगामापुरते राहणारा माणूस कागदावर उतरत नाही. ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ हे मालदीवचे सूत्र भारतात प्रवेश करते ते नेमके या शब्दाच्या फटीतून.

‘स्थानिकांना रोजगार मिळेल’ असे येथेही सांगितले जाते. मिळेलही. प्रश्न असा की सुहेलीचा मच्छिमार आज स्वतःच्या होडीचा धनी किंवा वाटेकरी आहे. उद्या तो कोणाचा फ्रायडे होणार? ज्या खाजणातून तो आमिष काढतो तेथे पोहणाऱ्या पाहुण्याला तो टॉवेल देईल, आणि ट्यूना कोचीहून शीतपेटीतून येईल. याला रोजगारनिर्मिती म्हणणे म्हणजे कुळाची जमीन काढून घेऊन त्यालाच सालगडी ठेवण्याला दानधर्म म्हणण्यासारखे आहे.

हा प्रश्न केरळच्या पक्षशाखांवर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही. सुहेलीच्या पाण्यात खांब रोवण्याचे निर्णय जेथे होतात ते कंपनीचे मुख्यालय मुंबईत आहे, अपोलो बंदरावरच्या तिच्या १९०३ सालच्या हॉटेलपासून फार दूर नाही. मुंबई, पुणे आणि गोव्याच्या हॉटेल कामगारांत काम करणाऱ्या साथींनी आपल्या संघटनांत हा विषय मांडला पाहिजे, कारण उद्या तेथे पाठवला जाणारा प्रशिक्षित कर्मचारी त्यांच्यातूनच निवडला जाईल आणि बेटावर त्याचा करार, त्याची खोली आणि त्याचे परतीचे तिकीट कोणाच्या हाती राहील हे आत्ताच विचारून घ्यायला हवे. रायगड-रत्नागिरी-सिंधुदुर्गातील मच्छिमार कार्यकर्त्यांनी कवरत्तीच्या मच्छिमारांशी थेट संपर्क ठेवावा. आणि पक्षाने संसदेत आणि संसदेबाहेर लावून धरायची पहिली मागणी साधी आहे. सुहेलीला हंगामात जाणाऱ्या मच्छिमारांचा तेथील वावर कायदेशीर हक्क म्हणून नावानिशी नोंदवावा, पंडारम जमिनींवर कसणाऱ्यांचा हक्क मान्य करावा, आणि या दोन्ही नोंदी होईपर्यंत कोणत्याही कंपनीला खाजणात बांधकामाचा परवाना असू नये.